क्रोमला गंज चढत नाही, मग रॉडवर ठिपके कुठून आले?

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. भाडं किती वाढलं, माल किती उशिरा पोचला, याची चर्चा खूप झाली. नकाशा पाहताना मला मात्र दुसरीच गोष्ट दिसली. न्हावा शेव्याहून सुवेझमार्गे रॉटरडॅमला जाणारं जहाज विषुववृत्त ओलांडत नाही. केप ऑफ गुड होपवरून जाणारं ते दोनदा ओलांडतं. उष्ण, थंड, पुन्हा उष्ण, पुन्हा थंड. आत क्रोम केलेले पोलादी रॉड असतील, तर वाढलेल्या दिवसांपेक्षा हा चढउतारच जास्त घातक.

हे रॉड आपण रोज पाहतो. जेसीबीचा हात वर जाताना सिलिंडरमधून आरशासारखा चकचकीत दांडा बाहेर सरकतो, तोच हा. आत साधं मध्यम कार्बनचं पोलाद, वर हार्ड क्रोमचा, म्हणजे क्रोमियम धातूच्या कठीण मुलाम्याचा, साधारण २० ते २५ मायक्रॉनचा थर. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. या दांड्यावरून तेलाचं सील सतत घासत असतं. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी त्याची धार सील कापते आणि तेल गळू लागतं.

भोसरीत वर्कशॉप असलेल्या माझ्या एका मित्राने असे रॉड जहाजाने परदेशी पाठवले होते. पलीकडे खोके उघडल्यावर जे फोटो आले त्यांत चकचकीत क्रोमवर केशरी ठिपके होते. तो वैतागून म्हणाला, "प्लेटिंगवाल्याने फसवलं. क्रोमला कधी गंज चढतो का?" हा समज इतका पक्का आहे की अनुभवी माणसंही त्यात सापडतात. प्लेटिंग ठीक होतं. गंज क्रोमला चढलाच नव्हता, क्रोमखालच्या लोखंडाला चढला होता.

इथे एक विरोधाभास आहे, आणि तो मला फार आवडतो. शाळेत धातूंची क्रियाशीलता शिकताना विद्युत विभवांचा तक्ता पाहिलेला आठवत असेल. त्यात लोखंड उणे ०.४४ व्होल्टवर आहे, जस्त उणे ०.७६ वर आणि क्रोमियम उणे ०.७४ वर. म्हणजे तक्त्यात क्रोमियम जवळजवळ जस्ताच्या मांडीला मांडी लावून बसलंय. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर ओरखडा पडला की जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मग क्रोमनेही तसंच करायला हवं. प्रत्यक्षात ते नेमकं उलट वागतं.

कारण हवेत आल्याबरोबर क्रोमियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो, जाडी फक्त काही नॅनोमीटर. तो इतका घट्ट आणि अभेद्य असतो की आतला धातू जणू झोपी जातो. ओरखडा पडला तरी पापुद्रा क्षणात पुन्हा भरून येतो. त्यामुळे अंगभूत क्रियाशील असलेलं क्रोमियम व्यवहारात लोखंडापेक्षा 'राजस' धातूसारखं, म्हणजे सहजी न विरघळणाऱ्या धातूसारखं, वागतं. आता अशा क्रोमला एखादी भेग असेल, तळाशी लोखंड उघडं असेल आणि वर पाण्याचा थेंब बसला, तर एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात विरघळण्याची पाळी येते लोखंडावर.

थेंबाचा व्यास १ सेंटिमीटर धरा. त्याखाली सुमारे ७८ चौरस मिलिमीटर क्रोम येतं. भेग १ मिलिमीटर लांब आणि ५ मायक्रॉन रुंद असेल, तर उघडं लोखंड भरतं ०.००५ चौरस मिलिमीटर. गुणोत्तर पंधरा हजारांच्या वर! एवढ्या मोठ्या क्रोमवर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागत बसतो आणि ती सगळी मागणी त्या इवल्याशा लोखंडाला पुरवावी लागते. म्हणून गंज पसरत नाही, खोल जातो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे तो खालून क्रोमला उचलतो आणि त्याचे टवके निघतात.

भेगा येतात कुठून? बऱ्याच त्या जन्मापासूनच असतात. क्रोमिक आम्लाच्या टाकीत प्लेटिंग होताना धातूत हायड्रोजनही शिरतो, मग तो निघून जातो आणि थर आकसतो. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसाच हा थर सूक्ष्म भेगांच्या जाळ्यात तडकतो. पुढचा थर आधीच्या भेगा झाकत जातो, म्हणून पुरेसा जाड थर असेल तर एकच भेग सहसा तळापर्यंत पोचत नाही. पण थर पातळ असला, किंवा वाटेत दणका बसला, की लोखंडापर्यंत वाट मोकळी होते. क्रोम फार कठीण आहे, पण ठिसूळ. गादीवर काच ठेवून वर हातोडी मारली तर गादी दबते आणि काच फुटते. मऊ पोलादावरच्या क्रोमचं तेच होतं. म्हणून एकमेकांवर रचलेले दोन रॉड हेच एकमेकांचे मोठे शत्रू. प्रत्येकावर प्लास्टिकची जाळी किंवा पुठ्ठ्याची नळी हवी, आणि क्रेनने उचलताना साखळी नको, कापडी पट्टा हवा.

आता पाणी. १९३० च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी दाखवलं, की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. रॉडवर मीठ असेल तर त्याच्याही खाली धोका आहे. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, कारण मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं! मालावर समुद्री मिठाचा कण बसला, तर तो जवळजवळ कधीच सुकत नाही. घामाच्या हाताने रॉड उचलला की बोटांच्या ठशांतही मीठ राहतं. कामगाराला हातमोजे द्यायचे ते त्याच्या हातांइतकेच रॉडसाठीही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. त्यामागचा आदर मला मान्य आहे, पण नारळाचं पाणी तयार रॉडवर शिंपडू नये. त्यातही मिठातलंच क्लोराइड असतं आणि ते कुठलाही आशीर्वाद देत नाही. 'नॅनो कोटिंग, आजन्म गंजमुक्त' असं लिहिलेल्या फवाऱ्यांबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही.

२० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला, ८० टक्के आर्द्रतेत, त्या हवेत सुमारे ८०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तापमान १५ अंशांवर आलं की हवा जेमतेम ४२० ग्रॅम धरते. उरलेलं छतावर, भिंतींवर आणि मालावर जमतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसंच. पण खरा गुन्हेगार हवा नव्हे, लाकडी पॅलेट, म्हणजे माल ज्यावर रचतात ती फळ्यांची चौकट. ३०० किलो लाकडात कोरड्या वजनाच्या २० टक्के ओल असेल, तर आत ५० लिटर पाणी दडलेलं असतं. लाकडावर 'एचटी'चा शिक्का पाहून लोक निर्धास्त होतात. तो शिक्का सांगतो की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय, म्हणजे किडे मेलेत. ते सुकलं आहे, असं तो सांगत नाही.

म्हणून आधी रॉड पुसून त्यावर गंजरोधक तेलाचा थर, मग गंजरोधक बाष्प सोडणारा कागद, जो व्हीसीआय नावाने मिळतो, आणि वर बंद पिशवी. या कागदातली रसायनं हळूहळू उडून धातूवर बसतात आणि बॅटरीचा खेळ थांबवतात. ती पोचतात सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत, आणि पिशवीला भोक असेल तर वाफ निघून जाते. कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगायच्या, पण रॉडपासून दूर, कारण गळल्या तर त्यातूनच क्लोराइड टपकतं.

मित्राचे रॉड परतही आले नाहीत आणि वापरलेही गेले नाहीत. पुढच्या खेपेला त्याने खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक सूचना लिहिली: 'गरम खोलीत आणल्यावर एक दिवस उघडू नका.' थंडीत बाहेर पडलेला कंटेनर गोठलेला असतो. त्यातला रॉड उबदार शेडमध्ये उघडला, तर त्यावर लगेच दव पडतं. पिशवी तशीच ठेवली तर दव पिशवीच्या बाहेर जमतं, आणि दुसऱ्या दिवशी आतला रॉड खोलीइतका गरम झालेला, कोरडाच बाहेर येतो.