बहिणीचं अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे

वडिलांच्या नावचा फ्लॅट विकायला काढला की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, ताईकडून स्टॅम्प पेपरवर 'माझी काही हरकत नाही' असं लिहून घेतलंय, नोटरी पण केलीये, आता टेन्शन नाही. अहो, खरं टेन्शन तिथूनच सुरू होतं!

हा कागद म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट, शपथेवर लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र, ते काय असतं ते सगळ्यांना माहितीये. कागदपत्रांवर नाव वेगवेगळं पडलंय, वारस कोण कोण आहेत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हरवलंय, अशा गोष्टी शपथेवर सांगायला ते ठीक.

पण वडील (हिंदू कुटुंब धरतोय) मृत्युपत्र न करता गेले तर आई आणि सगळी मुलं-मुली त्याच दिवशी हिस्सेदार होतात, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगीसुद्धा. तो हिस्सा 'मला नको' असं शपथेवर म्हटल्याने जात नाही. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा दस्त 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करावाच लागतो, नाही केला तर कलम 49 मुळे त्याचा मिळकतीवर परिणाम शून्य. हेच ते हक्कसोडपत्र. नोटरी फक्त सही कुणाची आणि शपथ घेतली का ते बघतो, त्याचा लाल शिक्का कितीही झोकात असला तरी तो सब-रजिस्ट्रार होत नाही. आणि स्टॅम्प पेपर पाचशेचा घेतला म्हणून कागदाला जास्त ताकद येते हा काय प्रकार आहे, मला कधीच कळलेलं नाही.

जमिनीत वेगळीच गंमत, फेरफार होऊन 7/12 वर एकट्या भावाचं नाव लागलं की तो खुश. पण 7/12 हा महसुलाचा रेकॉर्ड, मालकी त्याने ठरत नाही, घेणाऱ्याच्या बँकेचा वकील सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढताना बहिणीचं काय झालं हे विचारतोच.

अजून एक, हक्कसोड फक्त दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात होते, बाहेरच्या खरेदीदाराला नाही. म्हणून लगेच विकायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, हक्कसोडीच्या भानगडीत न पडता बहिणीला खरेदीखतात 'लिहून देणार' (म्हणजे विकणारी) म्हणूनच घ्या, नुसतं 'मान्यता देणार' (म्हणजे विक्रीला फक्त संमती देणारी) नको, आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या. ती परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून मागवा, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर स्टॅम्प ड्युटी भरा.