शिडाला पीळ हवाच

वारा शिडात भरतो आणि बोटीला ढकलतो, अशी आपली ढोबळ समजूत असते. वारा पाठीमागून असेल तर ती चूकही नाही. पण बोट वाऱ्याकडे तिरकी चढू लागली, की शीड पिशवीसारखं राहत नाही, त्याचा उभा पंख होतो. दोन्ही अंगांनी वाहणारा वारा तो वळवतो आणि त्या वळवण्यातून बोटीला ओढ मिळते. म्हणून मुख्य शिडाचा, म्हणजे मेनसेलचा, आकार महत्त्वाचा.

या आकारातला पीळ हा सर्वांत गंमतीचा भाग. पाण्याशी घासून खालचा वारा मंदावतो, डोलकाठीच्या टोकाशी तो जोरात असतो. समजा, वारा बोटीला काटकोनात येतोय, खाली 8 नॉट, वर 10, आणि बोटीचा वेग 6 नॉट. बोटीच्या चालीमुळे समोरून लागणारा वारा यात मिसळला, की शिडाच्या खालच्या भागाला वारा पुढच्या टोकापासून 53 अंशांवरून आल्यासारखा लागतो, वरच्या भागाला 59 अंशांवरून. एकाच शिडाला एकाच वेळी दोन वारे! म्हणून वरचा भाग जरा बाहेर वळलेला हवा, हाच पीळ.

वाऱ्याकडे चढताना हा पीळ मेनशीटच्या, म्हणजे बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) ओढून धरणाऱ्या दोराच्या, हाती असतो. तो फार ताणला की शिडाची मागची कड आवळते आणि पीळ जातो. नवखे हमखास इथे फसतात, कारण ताठ शीड दिसतं झकास. बूमखालून वर पाहा: सर्वांत वरची बॅटन, म्हणजे शिडातली पट्टी, बूमला साधारण समांतर दिसावी. मागच्या कडेची टेलटेल, म्हणजे छोटी फीत, सरळ मागे उडावी, अधूनमधून शिडाआड जावी. कायमचीच दडली, तर दोर थोडा सैल करा. बूम बाहेर सोडलेली असेल तेव्हा पिळाचं काम व्हँग, म्हणजे बूम खाली ओढून धरणारा दोर, सांभाळतो.

वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. तेव्हा आउटहॉल, म्हणजे शिडाचा खालचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढणारा दोर, ताणून शीड चपटं करायचं. जोराच्या वाऱ्यात शिडाचं पोट, म्हणजे फुगवटा, मागे सरकतं, ते पुढे आणायला कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड ताणणारा दोर, खाली ओढतात. हे नाव 1958 साली 'कोलंबिया' बोटीवरून अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यत जिंकणाऱ्या ब्रिग्ज कनिंगहॅम यांचं.

वाऱ्याच्या अचानक झोतात बोट कलली, सुकाणू हाताला जड झालं, तर आधी ट्रॅव्हलर, म्हणजे मेनशीटचा रुळावरचा सरकता गाडा, सोडा. मेनशीटचं खालचं टोक रुळावरून बाहेर सरकतं, पीळ जवळजवळ तसाच राहून शिडाचा फक्त कोन बदलतो आणि हातातला भार उतरतो.