प्रोजेक्टरचे सीरियल नियंत्रण

प्रोजेक्टरचे सीरियल नियंत्रण : संगणकाच्या सीरियल पोर्टमधून तारेवाटे आज्ञा पाठवून प्रोजेक्टर चालू-बंद करणे, त्याचा इनपुट बदलणे, चित्र तात्पुरते झाकणे, तसेच दिव्याचे तास व बिघाडाची स्थिती विचारणे. रिमोटवरून होणारे नियंत्रण एकेरी असते. बटण दाबले, पण प्रोजेक्टरने ते ऐकले की नाही हे रिमोटला कळत नाही. सीरियल जोडणीत प्रोजेक्टर उत्तर देतो. प्रोजेक्टर छताला उंचावर टांगलेला असतो आणि तो चालू झाल्याची खात्री दुसऱ्या खोलीत बसून करावी लागते अशा सभागृहांत, संग्रहालयांत व नियंत्रण कक्षांत ही पद्धत मुख्यतः या उत्तरामुळेच टिकून आहे.

मानक व त्याचा काळ : जोडणीचा विद्युतीय पाया आरएस-२३२ हे मानक आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने ते काढले. ‘आरएस’ म्हणजे ‘शिफारस केलेले मानक’. त्याचे पहिले वर्ष काही तांत्रिक पुस्तकांत १९६२ असे दिलेले आढळते, तर इतरत्र १९६०. पुढील आवृत्त्यांचा क्रम (ए १९६३, बी १९६५, सी १९६९) पाहता १९६० हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. सर्वांत दीर्घकाळ वापरात राहिली ती सी आवृत्ती, आणि अनेक प्रोजेक्टरांच्या पुस्तिकांत आजही ‘आरएस-२३२सी’ असेच छापलेले असते. हे मानक टेलिप्रिंटर व मोडेम यांना जोडण्यासाठी लिहिले गेले होते. एका टोकाला टर्मिनल (अक्षरे टाइप करण्याचे व दाखवण्याचे उपकरण) व दुसऱ्या टोकाला मोडेम (दूरध्वनीच्या तारेवरून डेटा नेणारे उपकरण) असणार हे त्यात गृहीत होते. प्रोजेक्टर या दोहोंत बसत नाही, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ याच गृहीतकात आहे.

संकेताची पातळी उलट्या तर्काची असते. बिट १ साठी तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि बिट ० साठी अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असतात. दोहोंमधला पट्टा अनिश्चित मानला जातो. या दोन अवस्थांना ‘मार्क’ व ‘स्पेस’ म्हणतात; ही नावे तारायंत्राच्या काळातली आहेत. तार निवांत असताना ती मार्क अवस्थेत, म्हणजे उणे व्होल्टेजवर राहते. दोष शोधताना हीच गोष्ट सर्वाधिक उपयोगी पडते.

कनेक्टर व पिना : सीरियल जोडणीसाठी रूढ असलेला डी आकाराचा कनेक्टर कॅनन या अमेरिकी कंपनीने १९५२ च्या सुमारास आणला. त्याच्या कवचाच्या आकारांना ए ते ई अशी अक्षरे आहेत. २५ पिनांचा कनेक्टर बी कवचात बसतो, ९ पिनांचा ई कवचात. म्हणून ‘डीई-९’ हे नाव बरोबर आहे. बाजारात रूढ असलेले ‘डीबी-९’ जुन्या डीबी-२५ च्या सवयीने पडले असावे. वायरमनशी बोलताना रूढ नावच वापरावे, पण कनेक्टर मागवताना ‘९ पिन’ असे स्पष्ट लिहावे. ९ पिनांची मांडणी आयबीएमच्या १९८४ मधील पीसी एटी संगणकामुळे सर्वत्र पसरली.

प्रोजेक्टरसाठी नऊपैकी तीनच पिना पुरतात : २, ३ आणि ५. पाचवी सामाईक ग्राउंड. दुसरी व तिसरी यांचा अर्थ मात्र उपकरणाच्या बाजूवर ठरतो. टर्मिनलच्या बाजूचे उपकरण, म्हणजे डीटीई, ३ वर बोलते व २ वर ऐकते. मोडेमच्या बाजूचे, म्हणजे डीसीई, ३ वर ऐकते व २ वर बोलते. पिनांची नावे मूळ मानकात टर्मिनलच्या दृष्टीने ठेवलेली असल्याने ‘पाठवण्याची तार’ असे नाव असलेल्या पिनेवर डीसीई प्रत्यक्षात ऐकत असते. संगणक नेहमी डीटीई असतो. प्रोजेक्टर कोण, हे निर्माता ठरवतो.

डीटीईला डीसीई जोडायचे तर सरळ केबल लागते (२ ला २, ३ ला ३). दोन्ही डीटीई असतील तर क्रॉस केबल, म्हणजे नल मोडेम केबल लागते (२ ला ३, ३ ला २). प्रोजेक्टरवर पिना बाहेर आलेला नर कनेक्टर असेल तर तो बहुधा डीटीई असतो आणि क्रॉस केबल मागतो. एप्सन व एनईसी यांच्या अनेक मॉडेलांत असे आहे. भोकांचा मादी कनेक्टर असेल तर बहुधा सरळ केबल चालते. पॅनासोनिकच्या अनेक मॉडेलांचा सीरियल इनपुट या प्रकारचा आहे. हा नियम पक्का मात्र नाही, आणि त्यावर विसंबून भिंतीत केबल गाडणे धोक्याचे आहे. लहान प्रोजेक्टरांत मिनी-डिन किंवा ३.५ मिमी जॅकही आढळतो; तेथे त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतील आकृतीखेरीज कशावरही विश्वास ठेवू नये.

नर-मादी बदलणाऱ्या अडॅप्टरने येथे नेहमी घोटाळा होतो. साधा जेंडर चेंजर पिना उलटवत नाही. त्यामुळे कनेक्टर बसतो, पण संवाद होत नाही. याउलट काही अडॅप्टर आतून क्रॉस केलेले असतात. क्रॉस केबलला असा अडॅप्टर लावला की दोन उलटे मिळून सरळ होते.

मल्टिमीटरने हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. केबल काढून प्रोजेक्टर चालू ठेवावा. मीटर डीसी व्होल्टवर घेऊन काळी तार ५ वर व लाल तार आधी २ वर, मग ३ वर टेकवावी. ज्या पिनेवर साधारण उणे ५ ते उणे १० व्होल्ट दिसतील त्या पिनेवर प्रोजेक्टर बोलतो. ऐकणारी पिन शून्याजवळ राहते. मग केबल फक्त संगणकाला जोडून तिच्या मोकळ्या टोकाशी हेच मोजमाप करावे. बोलणारी तार ऐकणाऱ्या पिनेवर पडेल अशी केबल योग्य. दोन बोलणाऱ्या तारा एकमेकींवर आल्या तर प्रोजेक्टर सहसा जळत नाही, कारण मानकानुसार संकेत पाठवणाऱ्या मंडलाने असा शॉर्ट सहन करायचा असतो. पण काहीही घडत नाही आणि संगणकाच्या पडद्यावर पूर्ण शांतता राहते.

शांतता व कचरा यांतला फरक ओळखता आला की अर्धे काम झाले. एकही अक्षर परत येत नसेल तर दोष बहुधा तारेत, पिनांत किंवा चुकीच्या पोर्टात असतो. विचित्र अक्षरे येत असतील तर तार बरोबर आहे आणि बॉड रेट (बिट पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला बिट) चुकली आहे. संगणकाची बाजू वेगळी तपासण्यासाठी केबलच्या मोकळ्या टोकाला २ व ३ या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर अक्षरे पाठवून आलेली अक्षरे दाखवणारा प्रोग्रॅम) टाइप केलेले अक्षर परत आले तर संगणक, ड्रायव्हर व केबल ठीक आहेत.

केबलची लांबी : सी आवृत्तीत ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटरची शिफारस होती. नंतरच्या आवृत्त्यांत लांबीऐवजी एकूण धारिता (केबलची विद्युतभार साठवण्याची क्षमता) २५०० पिकोफॅराड अशी मर्यादा आली, आणि हीच मांडणी अधिक तर्कशुद्ध आहे. नेटवर्कच्या कॅट-५ केबलची धारिता मीटरला सुमारे ५० पिकोफॅराड धरली तर ५० मीटरपर्यंत जाता येते. अशी केबल वापरताना पाठवण्याची व ऐकण्याची तार एकाच पिळाच्या जोडीत घेऊ नये. प्रत्येकीसोबत पिळाची दुसरी तार ग्राउंडला द्यावी. एकाच जोडीत घेतल्यास एका तारेचा संकेत दुसरीवर उमटतो. याहून लांब जायचे तर आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ मध्ये रूपांतर करावे, अथवा चित्रासाठी एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून चित्र नेणारी) जोडणी असेलच तर तिच्यातूनच सीरियल संकेत न्यावा.

प्रोजेक्टर व संगणक वेगवेगळ्या वीजमंडलांवर असतील तर त्यांच्या ग्राउंडमध्ये फरक असू शकतो आणि तो प्रवाह पाचव्या पिनेतून वाहू लागतो. अक्षरे मधूनच बिघडणे हे त्याचे लक्षण. क्वचित पोर्टही निकामी होतो. ऑप्टिकल आयसोलेटर (संकेत प्रकाशाने पुढे नेऊन दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे उपकरण) बसवणे हा त्यावरचा खरा उपाय. पाचवी तारच कापून टाकण्याचा प्रघात आहे, तो चुकीचा आहे.

संगणकाची बाजू : नव्या संगणकांवर सीरियल पोर्ट क्वचितच असतो, म्हणून यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागतो. अडॅप्टर दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला की विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक देऊ शकते आणि चालू असलेली यंत्रणा एकाएकी बंद पडते. क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये निश्चित करून ठेवावा. लिनक्सवर वापरकर्ता बहुधा ‘डायलआउट’ गटात असावा लागतो. रास्पबेरी पायसारख्या बोर्डांच्या सीरियल पिना ३.३ व्होल्टच्या व सरळ तर्काच्या असतात. त्या थेट प्रोजेक्टरला जोडल्यास बोर्ड जळू शकतो; मध्ये मॅक्स ३२३२ सारखी पातळी बदलणारी चिप हवी.

बहुसंख्य प्रोजेक्टर ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट या मांडणीवर चालतात. अपवाद महत्त्वाचे आहेत : एनईसीत ३८,४०० हा वेग सामान्य आहे, तर सोनीच्या अनेक मॉडेलांत ३८,४०० सोबत सम पॅरिटी लागते. ९६०० वर एका अक्षराला १० बिट (सुरुवातीचा १, डेटाचे ८, स्टॉपचा १), म्हणजे १ मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. सात अक्षरांची आज्ञा सुमारे ७.३ मिलिसेकंदांत पोहोचते, त्यामुळे वेग वाढवून हाती काही लागत नाही. फ्लो कंट्रोल, म्हणजे पाठवणाऱ्याला थांबवण्याची व पुन्हा सुरू करण्याची सोय, बंद ठेवावा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला तर तीन तारांच्या केबलवर संगणक परवानगीची वाट पाहत बसतो. पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सीरियलसाठी एक्सऑन-एक्सऑफ (विशिष्ट बाइट पाठवून होणारा फ्लो कंट्रोल) आधीच निवडलेले असते. द्विमान आज्ञांतील (अक्षरांऐवजी नुसत्या आकड्यांच्या आज्ञा) ११ व १३ (षोडशमान, म्हणजे १६ च्या आधाराने मोजलेल्या) या बाइट त्यात गिळल्या जातात.

आज्ञांची भाषा : सीरियल नियंत्रणात सर्व कंपन्यांची मिळून एक भाषा कधीच रूढ झाली नाही. एप्सनची ईएससी/व्हीपी२१ ही सर्वांत वाचनीय म्हणावी लागेल. ‘पीडब्ल्यूआर’, मोकळी जागा, ‘ऑन’ अशी रोमन अक्षरे आणि शेवटी कॅरेज रिटर्न हे ओळ संपल्याचे चिन्ह (षोडशमान ०डी) पाठवले की प्रोजेक्टर चालू होतो. तीच तीन अक्षरे प्रश्नचिन्हासह पाठवली की उत्तरात ०१ (चालू), ०२ (तापत आहे) किंवा ०३ (थंड होत आहे) असा आकडा येतो. प्रत्येक उत्तरानंतर विसर्गासारखे दोन ठिपके, म्हणजे कोलन येतो. तो येईपर्यंत पुढची आज्ञा पाठवू नये. बेनक्यूत आज्ञा तारांकन व हॅश यांच्या मध्ये असते. पॅनासोनिकमध्ये ती ०२ ने सुरू होऊन ०३ ने संपते आणि आत ‘एडी’ नंतर प्रोजेक्टरचा क्रमांक येतो. क्रमांकाऐवजी ‘झेडझेड’ लिहिल्यास सर्वांना लागू.

एनईसी व सोनी यांच्या आज्ञा द्विमान असतात. एनईसीत चालू करण्यासाठी ०२ ०० ०० ०० ०० ०२. शेवटची बाइट आधीच्या सर्वांची बेरीज. सोनीत ए९ १७ २ई ०० ०० ०० ३एफ ९ए. येथे तपासणीची बाइट बेरजेने येत नाही, बिटनिहाय ‘ऑर’ करून येते (कोणत्याही बाइटमध्ये त्या जागी १ असेल तर १). १७ व २ई यांची बेरीज ४५ होते, ऑर ३एफ. बेरजेच्या सवयीने लिहिलेला प्रोग्रॅम म्हणूनच सोनीपुढे अडखळतो.

ओळीचा शेवट ही नवख्यांची नेहमीची चूक. टर्मिनलने कॅरेज रिटर्नऐवजी लाइन फीड (०ए) पाठवला तर प्रोजेक्टर आज्ञा पूर्ण होण्याची वाट पाहत राहतो आणि दोष केबलला दिला जातो.

दिवा व वेळ : उच्चदाब पाऱ्याच्या दिव्यात चालू असताना २०० बारपर्यंत दाब असतो. बंद केल्यावर तो निवल्याशिवाय दिवा पुन्हा पेटत नाही, म्हणून तापण्याच्या व थंड होण्याच्या काळात प्रोजेक्टर बहुतेक आज्ञा नाकारतो. चालू करण्याच्या आज्ञेमागोमाग इनपुट बदलण्याची आज्ञा पाठवणारे प्रोग्रॅम यामुळेच अपयशी ठरतात. ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा दर दोन-तीन सेकंदांनी स्थिती विचारून ‘चालू’ असे उत्तर आल्यावर पुढे जाणे योग्य. दिवा जुना झाला की पेटण्यास जास्त वेळ घेतो. बंद करतानाही ‘थंड होत आहे’ ही स्थिती संपल्याखेरीज मुख्य वीज तोडू नये. लेझर व एलईडी प्रोजेक्टरांत ही अडचण बरीच कमी आहे. काही मॉडेलांत वीजबचतीचा स्टँडबाय निवडल्यास सीरियल पोर्टच झोपतो : बंद करण्याची आज्ञा चालते, चालू करण्याची चालत नाही. तेव्हा मेनूमधील स्टँडबायची निवड आधी पाहावी.

नेटवर्क : जपानच्या जेबीएमआयए या संघटनेची पीजेलिंक ही पद्धत नेटवर्कच्या ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर अनेक कंपन्यांच्या प्रोजेक्टरांना एकच भाषा देते. तिच्यात चुकांचे चार प्रकार ठरवलेले आहेत : अपरिचित आज्ञा, चुकीचे मूल्य, या क्षणी शक्य नाही, आणि प्रोजेक्टरमधील बिघाड. यांतील तिसरे उत्तर मुख्यतः दिवा तापताना किंवा निवताना येते.