उत्पन्नाधारित परतफेड

शैक्षणिक कर्ज फेडण्याची एक पद्धत. हिच्यात हप्ता कर्जाच्या रकमेवरून ठरत नाही, कर्जदाराच्या कमाईवरून ठरतो. कमाई ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर हप्ता शून्य. नोकरी गेली की वसुली थांबते. काही देशांत ठरलेल्या मुदतीनंतर उरलेली बाकी माफही होते.

घरासाठी कर्ज देणाऱ्याकडे घर गहाण राहते. शिक्षण गहाण ठेवता येत नाही. या अडचणीवर अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये उपाय सुचवला : पैसे देणाऱ्याने विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईतला वाटा घ्यावा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९७१ मध्ये तसा प्रयोग केला, पण त्यात संपूर्ण तुकडीचे कर्ज फिटेपर्यंत कोणाचीच सुटका नव्हती. बुडवणाऱ्यांचा भार फेडणाऱ्यांवर पडू लागला आणि काही वर्षांतच योजना नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली.

देशव्यापी पातळीवर ही पद्धत रुजवली ऑस्ट्रेलियाने, १९८९ मध्ये. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन तिचे शिल्पकार मानले जातात. सुरुवातीचे शुल्क होते वर्षाला १,८०० ऑस्ट्रेलियन डॉलर. खरी करामत वसुलीत होती : ते काम करखात्याकडे दिले. करखात्याला कमाई आधीच ठाऊक असते, त्यामुळे पगारातून कर कापतानाच कर्जाचीही कपात होते. बाकीवर नेहमीसारखे व्याज नाही, पण महागाई किंवा वेतनवाढ यांपैकी जो दर कमी, त्यानुसार ती दरवर्षी वाढते.

इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवी अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांसाठी मर्यादा २५,००० पाउंड ठरली. त्यावरच्या कमाईच्या ९ टक्के रक्कम कापली जाते आणि ४० वर्षांनी बाकी माफ होते. म्हणजे ३०,००० पाउंड पगार असेल, तर कपात फक्त वरच्या ५,००० वर : वर्षाला ४५० पाउंड, महिन्याला साडेसदतीस. डोक्यावरचे कर्ज २०,००० असो की ६०,०००, हप्ता तोच. आता कर्ज ४०,००० आणि व्याज ३ टक्के धरले, तर वर्षाचे व्याजच १,२०० होते. हप्ता एकही न चुकवता बाकी ७५० पाउंडांनी वाढते. नवख्या कर्जदाराला हे विवरणपत्र पाहून धक्का बसतो; पण वसुलीला मुदत असल्याने, ज्याची बाकी शेवटी माफच होणार आहे त्याच्या दृष्टीने हा आकडा बराचसा कागदावरचाच असतो. अशाने घाईघाईत जास्तीची रक्कम भरणे म्हणजे माफ होणारे पैसे खिशातून देणे.

अमेरिकेत मात्र सगळे कागदपत्रांवर चालते. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या संघीय (केंद्र सरकारच्या) मदतीसाठी 'फाफ्सा' (फ्री ॲप्लिकेशन फॉर फेडरल स्टुडंट एड) हा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. तो मोफत आहे, नावातच तसे म्हटले आहे. तरी तो भरून देण्याचे पैसे घेणारे भेटतातच. शिक्षण संपल्यावर उत्पन्नाधारित योजना कर्जदाराने स्वतः निवडायची आणि दरवर्षी उत्पन्न कळवायचे. ती तारीख हुकली की हप्ता एकदम वर जाऊ शकतो.

परदेशी गेलेल्या कर्जदाराचे काय, हा या पद्धतीतला अवघड प्रश्न, कारण करखात्याचा हात सीमेपलीकडे पोहोचत नाही. न्यूझीलंडने २००६ पासून देशात राहणाऱ्यांचे व्याज रद्द केले. दीर्घकाळ बाहेर राहणाऱ्यांना ते लागते. शिवाय त्यांचा वार्षिक हप्ता कमाईवर नव्हे, तर बाकी किती यावर ठरतो. देश सोडला की कर्ज पुन्हा साधे कर्ज होते.