सलग ग्लुकोजमापक

त्वचेखालील ऊतक द्रवातील ग्लुकोजचे प्रमाण दर काही मिनिटांनी, रात्रंदिवस मोजत राहणारे व अंगावर चिकटवून वापरावयाचे उपकरण. मधुमेहींच्या बोलण्यात याला ‘सेन्सर’, ‘पॅच’ किंवा नुसते ‘सीजीएम’ (‘कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर’चे लघुरूप) म्हणतात. बोट टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेणाऱ्या ग्लुकोमीटरहून ते दोन बाबतींत वेगळे आहे. ते रक्तातील साखर प्रत्यक्ष मोजत नाही, आणि एका आकड्याऐवजी चढउताराचा आलेख देते. ‘सलग’ हा शब्द थोडा सैलच घ्यावा लागतो. सध्याची उपकरणे दर एक ते पाच मिनिटांनी नोंद करतात. पाच मिनिटांच्या हिशेबाने दिवसाला २८८ नोंदी होतात.

उगम : या उपकरणाचे जनकत्व कोणाकडे जाते याबाबत एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ १९६२ हे वर्ष देतात. त्या वर्षी अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ लीलंड क्लार्क (१९१८–२००५) व चँप लायन्स यांनी न्यूयॉर्क ॲकॅडेमी ऑफ सायन्सेसच्या वार्षिकात एक निबंध प्रसिद्ध केला. क्लार्क यांनी त्याआधीच ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड तयार केला होता. त्यावर दोन पातळ पटलांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाचा थर अडकवला, तर ग्लुकोजच्या विक्रियेत खर्च झालेल्या ऑक्सिजनवरून ग्लुकोजचे प्रमाण काढता येईल, असे त्यांनी सुचवले. मात्र मूळ निबंधाचा विषय मधुमेह नव्हता. हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णावर सतत लक्ष कसे ठेवता येईल, हा त्याचा रोख होता, आणि ग्लुकोजचा भाग त्यात मुख्यत्वे प्रस्तावाच्या रूपात आला. प्रत्यक्ष काम करणारा एंझाइम इलेक्ट्रोड अपडाइक व हिक्स यांनी १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. त्यांनी एंझाइम बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) जेलमध्ये स्थिर केले होते. १९७३ मध्ये गिलबॉ व लुब्रानो यांनी ऑक्सिजनची घट मोजण्याऐवजी विक्रियेत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजण्याची पद्धत मांडली. पुढील अनेक सेन्सर याच वाटेने गेले.

दुसरी परंपरा कृत्रिम स्वादुपिंडाची. लॉस एंजेलिसचे आर्नल्ड कॅडिश यांनी १९६४ च्या सुमारास रक्त सतत ओढून घेणारे, साखर मोजणारे आणि त्यानुसार इन्सुलिन सोडणारे यंत्र मांडले. ते पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढे होते. १९७४ मध्ये टोरँटोच्या अल्बिसर गटाने रुग्णशय्येशेजारची अधिक सुधारित प्रणाली प्रसिद्ध केली. ‘बायोस्टेटर’ हे व्यापारी यंत्र याच दशकातले. शिरेतून रक्त घ्यावे लागत असल्याने या यंत्रांचा उपयोग संशोधन व रुग्णालय यांपुरताच राहिला. काही लेखक सलग ग्लुकोजमापनाचा आरंभ येथून धरतात. मोजणे सलग होते एवढ्याच अर्थाने ते बरोबर आहे.

आज दंडावर दिसणाऱ्या उपकरणाचा खरा पूर्वज सुईच्या आकाराचा सेन्सर मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ओसाका विद्यापीठातील मोतोआकी शिचिरी व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंगावर बाळगता येणाऱ्या कृत्रिम स्वादुपिंडाचे वर्णन केले. त्यातील सेन्सर त्वचेखालील ऊतकात बसवलेला होता. रक्तवाहिनी सोडून ऊतक द्रवाकडे वळण्याचा हा निर्णय निर्णायक ठरला. क्लार्क यांच्याकडे तत्त्वाचे श्रेय जाते आणि आजच्या रचनेचे श्रेय ओसाकाच्या गटाकडे.

बाजारात आलेले पहिले उपकरण अमेरिकेतील मिनिमेड कंपनीचे. अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाने त्याला जून १९९९ मध्ये मान्यता दिली. ते तीन दिवस लावले जाई, पण रुग्णाला आकडे दिसत नसत. डॉक्टर नंतर माहिती उतरवून घेत. ‘डोळे बांधलेले’ मापन ही संज्ञा अशा वापरासाठी रूढ आहे. २००१ मध्ये मान्यता मिळालेले ग्लुकोवॉच हे मनगटी उपकरण सुई न टोचता, सौम्य विद्युत प्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून घेई. त्याने त्वचा लाल होई व चुरचुरे. काही वर्षांत ते बंद पडले. त्वचा न भेदता साखर मोजण्याची आशा तेव्हापासून अनेकदा जाहीर झाली आहे, परंतु भरवशाने वापरता येईल असे उपकरण त्यातून निघालेले नाही.

रसायन : ऊतक द्रवात ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन फार थोडा असतो. पेरॉक्साइड मोजणाऱ्या सेन्सरमध्ये विक्रियेला ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला तर सेन्सर ग्लुकोजऐवजी ऑक्सिजनच मोजू लागेल. म्हणून त्वचेखाली जाणाऱ्या सेन्सरच्या तारेवर एक बाह्य पटल असते. ते ग्लुकोजला थोडेच आत सोडते व ऑक्सिजनला मोकळेपणी जाऊ देते. सेन्सर किती दिवस टिकेल, याचे बरेचसे उत्तर या पटलाच्या गुणवत्तेत आहे. मेडट्रॉनिक (मिनिमेड २००१ मध्ये याच कंपनीकडे गेली) व डेक्सकॉम यांचे सेन्सर या परंपरेतले.

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील ॲडम हेलर यांनी वेगळा मार्ग काढला. ऑस्मियमयुक्त बहुवारिकाच्या साहाय्याने त्यांनी एंझाइम इलेक्ट्रोडला थेट ‘तारेने जोडले’, त्यामुळे मध्यस्थ म्हणून ऑक्सिजनची गरज उरली नाही. विद्युत दाबही कमी पुरतो. हेलर यांनी आपल्या मुलासह १९९६ मध्ये स्थापन केलेली थेरासेन्स कंपनी २००४ मध्ये ॲबटने घेतली. फ्रीस्टाइल लिब्रे हे उपकरण या तंत्रावर आधारलेले आहे. व्यवहारात हा फरक औषधांच्या बाबतीत जाणवतो. पेरॉक्साइड पद्धतीत लागणाऱ्या जास्त दाबाला पॅरासिटॅमॉलचेही ऑक्सिडीकरण होते व साखर खोटी चढलेली दिसते. डेक्सकॉमने जी६ या आवृत्तीपासून नेहमीच्या मात्रेपुरता हा दोष दूर केला; जुन्या सेन्सरमध्ये तो गंभीर होता. लिब्रेला पॅरासिटॅमॉलचा त्रास नाही, पण क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने त्याचा आकडा वर जातो. सर्दीवर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळणाऱ्याला हे आधीच सांगितलेले असावे.

तिसरा प्रकार प्रकाशीय. सेन्सिऑनिक्स कंपनीचा एव्हरसेन्स हा सेन्सर डॉक्टर दंडाच्या त्वचेखाली छोटी चीर देऊन बसवतात. त्यात एंझाइम नसते. ग्लुकोज जोडले गेले की सेन्सरमधील पदार्थाचे अनुदीपन (प्रकाश पडल्यावर स्वतः प्रकाश देणे) बदलते. अमेरिकेत २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी, २०२२ मध्ये १८० दिवसांसाठी व २०२४ मध्ये एका वर्षासाठी त्याला मान्यता मिळाली.

अचूकता : प्रयोगशाळेतील रक्तमापनाशी तुलना करून सेन्सरचा सरासरी टक्केवारी फरक काढतात, त्याला ‘मार्ड’ म्हणतात. सुरुवातीच्या उपकरणांत तो २० टक्क्यांच्या आसपास होता. लिब्रेच्या पहिल्या आवृत्तीत ११.४, डेक्सकॉम जी६ मध्ये सुमारे ९ आणि त्यानंतरच्या पिढीत ८ टक्क्यांच्या जवळपास, असे आकडे उत्पादकांच्या अभ्यासांत दिलेले आहेत. निरनिराळ्या अभ्यासांतील आकड्यांची थेट तुलना करू नये. कोणते रुग्ण घेतले व साखर किती वेगाने बदलत होती, यावर ते बरेच अवलंबून असतात.

रक्तातील बदल ऊतक द्रवात साधारण पाच ते दहा मिनिटे उशिरा पोहोचतो. साखर स्थिर असताना या उशिराने काही बिघडत नाही. जेवणानंतर, व्यायामात किंवा साखर झपाट्याने उतरत असताना मात्र सेन्सर व ग्लुकोमीटर वेगळे बोलतात, आणि ‘मशीन खोटं दाखवतं’ ही तक्रार बहुधा तेथूनच येते. अंगाला घाम सुटला आहे, हात थरथरत आहेत आणि सेन्सर मात्र साखर ठीक दाखवतो आहे, अशा वेळी बोट टोचून पाहावे. उलट प्रकारही आहे : सेन्सर असलेल्या दंडावर झोपल्यास तेथील द्रवाचा प्रवाह दबतो आणि मध्यरात्री साखर घसरल्याचा खोटा इशारा वाजतो. कूस बदलल्यावर थोड्या वेळात आकडा पूर्ववत होतो.

आलेखाचे वाचन : २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढ मधुमेहींची साखर दिवसातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० मिग्रॅ./डेसिलि. या पट्ट्यात असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी वेळ जावा. वृद्ध व साखर उतरण्याचा धोका असलेल्यांसाठी पट्ट्यातील वेळेचे उद्दिष्ट ५० टक्क्यांपर्यंत शिथिल केले आहे. आपल्याकडे आजीआजोबांच्या बाबतीत ही सवलत घरच्यांनाही ठाऊक असावी, कारण आकड्याच्या आग्रहापायी रात्री साखर उतरणे हे चढण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी हे चढउतार झाकून टाकते. दिवसभर २५० आणि ५० यांमध्ये हेलकावणाऱ्याची सरासरीही चांगलीच निघते.

खर्च : किंमत सेन्सरच्या आयुष्यावर मोजावी लागते. २०२० नंतरच्या वर्षांत भारतात चौदा दिवस चालणाऱ्या सेन्सरला साधारण पाच हजार रुपये पडत. वर्षभर अखंड वापरल्यास २६ सेन्सर, म्हणजे सुमारे १,३०,००० रुपये. ग्लुकोमीटरची एक पट्टी २० रुपयांची धरली, तर दिवसातून चार वेळा तपासणाऱ्याचा वर्षाचा खर्च २९,२०० रुपये होतो. गोळ्यांवर असलेल्या व आठवड्यातून दोनदा तपासणाऱ्याचा दोन हजारांच्या आसपास. सेन्सर पूर्ण चौदा दिवस टिकला तर दिवसाला ३५७ रुपये पडतात. तो नवव्या दिवशी निसटला तर ५५६. कोकण-मुंबईच्या दमट हवेत, घाम येणाऱ्या अंगावर सेन्सर सुटतो, म्हणून वर लावायची जादा चिकटपट्टी हाही खर्चातला एक भाग धरावा. रुग्णालयात दाखल न होता होणारा असा खर्च बहुतेक आरोग्यविम्यांत बसत नाही, तो घरातूनच होतो.

यातूनच भारतात खंडित वापराची पद्धत रूढ झाली आहे : तीन महिन्यांतून एक सेन्सर लावायचा, औषधे व आहार त्यावरून बसवायचा आणि मधल्या काळात पट्टीवर भागवायचे. वरच्या भावाने वर्षाला चार सेन्सरचे वीस हजार रुपये होतात. डॉक्टरांच्या वापरासाठीची, रुग्णाला आकडे न दाखवणारी लिब्रे प्रो ही आवृत्ती ॲबटने २०१५ मध्ये भारतातच प्रथम आणली. इन्सुलिन न घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींना ही पद्धत पुरेशी वाटते. नेहमीचे पोहे, उपासाची साबुदाण्याची खिचडी, रात्री उशिराचे जेवण यांचा आपल्या शरीरावर काय परिणाम होतो, हे दोन आठवड्यांत समजते, आणि ते समजल्यावर तोच आलेख पुन्हा विकत घेण्यात फारसे काही नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणे) असलेल्या मुलाची गोष्ट निराळी. तेथे रात्रीचा इशारा हाच मुख्य लाभ आहे आणि तो खंडित वापरात मिळत नाही. ज्या घरांना याची सर्वाधिक गरज आहे, त्यांतील पुष्कळांना ते परवडत नाही, ही या विषयातली सर्वांत दुःखद बाब होय.

इतरत्र चित्र वेगळे आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये लिब्रेचा खर्च सार्वजनिक विम्यात घेतला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उपलब्ध झाला, तरी आरंभी कोठे राहता यावर तो मिळणे अवलंबून होते. तेथील मार्च २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्या प्रकारच्या सर्व प्रौढ मधुमेहींना सलग मापन देण्याची शिफारस केली. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेने एप्रिल २०२३ पासून इन्सुलिन घेणाऱ्या सर्वांना ही सोय खुली केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्या प्रमाणात अशी सार्वजनिक तरतूद करणे हा आर्थिक दृष्ट्या फार मोठा प्रश्न आहे; पहिल्या प्रकारच्या मुलांपासून सुरुवात करणे तुलनेने आटोक्यातले वाटते.

परिणाम : पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील पुरावा भक्कम आहे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इम्पॅक्ट’ चाचणीत लिब्रे वापरणाऱ्यांचा साखर ७० च्या खाली असण्याचा वेळ ३८ टक्क्यांनी घटला, एचबीएवनसी मात्र फारशी बदलली नाही. इंजेक्शनने इन्सुलिन घेणाऱ्यांच्या २०१७ मधील ‘डायमंड’ चाचणीत एचबीएवनसीतही सुधारणा दिसली. दिवसातून एकदा-दोनदा दीर्घकालीन इन्सुलिन घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत २०२१ च्या ‘मोबाइल’ चाचणीने माफक पण स्पष्ट लाभ दाखवला. केवळ गोळ्यांवरील रुग्णांबाबतचा पुरावा याहून विरळ आहे.

त्वचेचे विकार : चिकटवलेल्या जागी खाज, पुरळ येणे सामान्य आहे. २०१७ मध्ये बेल्जियममधील त्वचारोगतज्ज्ञांनी लिब्रेच्या आवरणातील आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे रसायन ॲलर्जीचे कारण असल्याचे दाखवून दिले. अशी ॲलर्जी एकदा जडली की टिकून राहते.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत डेक्सकॉमच्या स्टेलो या पंधरा दिवसांच्या सेन्सरला डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. दोन सेन्सरचा महिन्याचा संच ९९ डॉलरना विक्रीस आला. तो इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी आहे. साखर धोकादायक पातळीला उतरल्याचा इशारा तो देत नाही, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्याने स्वस्त म्हणून तो लावू नये.