बंदुकीच्या खटक्यात करडईचे तेल का चालत नाही

सोलापूर जिल्ह्यात परवान्याची बारा बोअरची बंदूक बाळगणारी घरे आजही आहेत. खंडेनवमीला ती पुसताना हाताशी असलेले गोडेतेल, बहुधा करडईचे, तिच्या खटक्यात, म्हणजे चाप ओढल्यावर हलणाऱ्या यंत्रणेत, सोडले जाते. घाण्याचे तेल शुद्ध, तेव्हा ते यंत्रालाही मानवेलच, असा त्यामागचा समज असतो. हा समज चुकीचा आहे.

वंगणाचा थर सरकणाऱ्या भागांमध्ये महिनोन्महिने द्रवच राहायला हवा. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलातील मेदाम्लांपैकी (तेल ज्या लांब कार्बन-साखळ्यांचे बनते त्यांपैकी) सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. त्याच्या १८ कार्बनांच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्या दोहोंच्या मध्ये असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सहज निखळतो. तो निखळला की मोकळ्या जागी हवेतील ऑक्सिजन येऊन बसतो, आणि असा ऑक्सिजनयुक्त रेणू आपली गरज भागवण्यासाठी शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो. त्यामुळे ही क्रिया एकदा सुरू झाली की साखळीमागून साखळी बिघडत जाते. यातून बनलेली पेरॉक्साइडे, म्हणजे ऑक्सिजन जोडले गेलेले अस्थिर रेणू, फुटतात, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तेलाचे चिवट जाळे होते. तेलाच्या जुन्या बाटलीच्या तोंडाशी जमणारा, साबणानेही न निघणारा पिवळा चिकटा हाच. लोखंडाचे आयन पेरॉक्साइडे फुटण्यास मदत करतात, तर सोलापूरचा चाळिशीपार उन्हाळा सगळीच क्रिया वेगवान करतो. तेलातील ई जीवनसत्त्व सुरुवातीला स्वतः खर्ची पडून ही साखळी रोखून धरते. म्हणून काही काळ तेल उत्तम दिसते आणि हे जीवनसत्त्व संपल्यावर झपाट्याने दाटते. तोवर बंदूक कपाटात गेलेली असते.

जवसाचे तेल याहून लवकर वाळते, आणि म्हणूनच बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर ते पूर्वापार चोळले जाते. लाकडाला कडक पापुद्रा हवा असतो, खटक्याला तो नको असतो.

खोबरेल तेलात दुहेरी बंध फारच थोडे, त्यामुळे ते असे वाळत नाही. परंतु सुमारे २४ अंशांखाली ते गोठते, आणि सोलापुरातल्या हिवाळी रात्री त्याहून थंड असतात. गंज सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फवाऱ्यातील बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो. त्याने ओलावा हटतो, पण मागे उरणारा थर फारच पातळ असतो. पूजेची हळदकुंकवाची पूडही खटक्यात जाऊ देऊ नये, कारण ती तेलात मिसळून चिखल होते. बाहेरच्या दस्त्याला हळदकुंकवाचे बोट लावल्याने श्रद्धेत काही उणे पडत नाही.

घरातल्या वस्तूंपैकी वेळ निभावून नेण्यास खरोखर योग्य आहे ते शिलाई मशीनचे तेल. ते शुद्ध केलेले खनिज तेल असून त्याच्या साखळ्यांत दुहेरी बंध जवळपास नसतात, त्यामुळे ऑक्सिजनला शिरकाव करण्यास सोपी जागा मिळत नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून एखादा थेंब लावावा, जास्तीचे तेल पुसून काढावे आणि नळीत तेल राहू देऊ नये. जिथे करडईचे तेल आधीच वाळून बसले आहे, तिथे मात्र नव्या तेलाने भागत नाही, कारण जाळे झालेला थर रॉकेलमध्येही विरघळत नाही, केवळ फुगतो. अशी बंदूक परवानाधारक कारागिराकडून उघडवून साफ करून घ्यावी लागते.