उरलेला अर्धा टक्का

नागपुरात बीएस्सीला केमिस्ट्री घेतली की ब्युरेट, पिपेट आणि जर्नलवर परमँगनेटचे डाग हे ओघानं आलंच. त्या पोराला सांगून पाहा, की रसायनशास्त्राचे असेही प्राध्यापक असतात ज्यांच्या प्रयोगशाळेत साधं बेसिनसुद्धा नसतं. संगणकीय क्वांटम रसायनशास्त्रवाल्यांचं सगळं काम संगणकावर चालतं.

रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात आणि त्यांची ऊर्जा किती, हे सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ पासून हाताशी आहे. हायड्रोजनच्या अणूसाठी ते कागदावर सुटतं. पाण्याच्या रेणूत मात्र १० इलेक्ट्रॉन, प्रत्येकाचे तीन अक्ष, म्हणजे ३० चल. प्रत्येक चलाच्या फक्त दहाच किमती धरल्या तरी एकावर तीस शून्यं एवढे आकडे साठवावे लागतील. कुठला संगणक पुरणार? त्यामुळे अशा प्राध्यापकाची नोकरीतली पंचवीस-तीस वर्षं मुख्यतः एकाच प्रश्नात जातात: काय सोडून दिलं तर चालेल?

एमएस्सीला हार्ट्री-फॉक पद्धत भेटते. प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचा सरासरी प्रभाव जाणवतो, असं ती मानते. पाण्याची सुमारे ९९.५ टक्के ऊर्जा तिच्यात मिळते. परीक्षेत एवढे टक्के पडले तर घरचे संत्रा बर्फी वाटतील! इथे मात्र तो उरलेला अर्धा टक्का जवळपास पाण्याचा रेणू फोडून सुटे अणू करायला लागणाऱ्या ऊर्जेइतका भरतो. सगळं रसायनशास्त्र तिथेच अडकलेलं. (दोन ऊर्जांची वजाबाकी करताना यातली बरीच चूक कटते, म्हणून निभावतं.)

पीएचडी बहुधा या अर्ध्या टक्क्यामागे धावण्यात जाते. इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात हेही हिशेबात धरणाऱ्या कपल्ड क्लस्टर पद्धतीची सगळ्यात भरवशाची मानली जाणारी आवृत्ती वापरली, तर रेणू दुप्पट मोठा झाला की काम १२८ पट वाढतं. तासाभराचं गणित पाच दिवसांवर जातं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, एसी दमलेला आणि चौथ्या दिवशी वीज गेली, तर काय होत असेल ते ज्याचं त्यानं समजावं. म्हणून शहाणे विद्यार्थी अधलेमधले निकाल डिस्कवर लिहून ठेवतात.

पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, मग प्राध्यापकी. इथे आवड आणि खिसा दोन्ही बघून पद्धत निवडावी लागते. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं, की ३० चलांऐवजी फक्त इलेक्ट्रॉन-घनता, म्हणजे तीनच चल, धरून भागतं. त्यातही समीकरणातलं एक पद अंदाजानंच घालावं लागतं, आणि कुठला अंदाज बरा यावर आजही भांडणं आहेत. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल कोन आणि या क्षेत्रातल्या संगणकीय पद्धती घडवणारे जॉन पोपल यांना मिळालं. एकाची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, दुसऱ्याची गणितातली.

मला स्वतःला जास्त भावतो तो पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटानं काढलेला मार्ग: अवाढव्य रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, प्रत्येकाचं गणित वेगळं सोडवायचं, मग बेरीज करून दोनदा मोजलेला भाग वजा करायचा. साध्या संगणकांवरही मोठा रेणू आवाक्यात येतो.

नागपुरातल्या कुणाला यात शिरायचं असेल, तर बीएस्सीला गणित सोडू नये. पायएससीएफसारखी मोफत प्रणाली साध्या लॅपटॉपवर चालते. पाण्याचं हार्ट्री-फॉक त्यावर काही सेकंदांत होतं.